‘रोज एकच क्वार्टर’ घेणाऱ्यांसाठी

लालबाग-परळ भागातील माझ्या दवाखान्यात रक्तदाबासाठी किंवा पित्तासाठी येणारे कितीतरी गृहस्थ सांगतात, ‘डॉक्टर, मी दारुडा नाही. रात्री एकच क्वार्टर घेतो.’ जरा हिशेब करू. व्हिस्की-रमच्या १८० मिलीच्या क्वार्टरमध्ये सुमारे ६० ग्रॅम शुद्ध अल्कोहोल असते. दहा ग्रॅमचे एक माप धरले तर ही सहा मापे झाली. जागतिक आरोग्य संघटनेची ‘ऑडिट’ ही दहा प्रश्नांची चाचणी आहे. किती वेळा पिता, एका दिवशी किती, सहा किंवा जास्त मापे किती वेळा, या पहिल्या तीन प्रश्नांतच या गृहस्थांचे दहा गुण होतात. धोका आठपासून धरतात!

असा माणूस व्यसनमुक्ती केंद्राची पायरी चढत नाही. चाळीत बोभाटा होईल ही भीती. त्याला इंटरनेटवरील स्वयंमदत उपयोगी पडू शकते. रोजची नोंद ठेवायची, मर्यादा ठरवायची, पिणे कधी वाढते (पगाराचा दिवस, मित्रांची बैठक) ते ओळखून त्या वेळेची दुसरी सोय आधीच करायची. नेदरलँड्समध्ये २६१ प्रौढांवर झालेला असा सहा आठवड्यांच्या कार्यक्रमाचा अभ्यास २००८ साली प्रसिद्ध झाला. सहा महिन्यांनी कार्यक्रम घेतलेल्यांपैकी १७ टक्के, तर नुसती माहिती वाचलेल्यांपैकी ५ टक्के लोक सुरक्षित मर्यादेत आले. म्हणजे सहांतला एक. जादू नव्हे, पण घरबसल्या एवढे होत असेल तर करून पाहावे. साधी वहीसुद्धा चालेल.

समोर बोलणारे माणूस असेल तर अधिक बरे. गोव्यातील आरोग्य केंद्रांत ३७७ पुरुषांवर झालेल्या अभ्यासात (२०१७) डॉक्टर नसलेल्या प्रशिक्षित समुपदेशकांनी जास्तीत जास्त चार भेटी दिल्या. तीन महिन्यांनी, आधीच्या चौदा दिवसांत थेंबही न घेतलेले ४२ टक्के होते. समुपदेशन न मिळालेल्यांत १८ टक्के.

मात्र सकाळी हात थरथरतात, घाम सुटतो, घोट घेतल्याशिवाय हात स्थिर होत नाही, पूर्वी दारू बंद केल्यावर फिट आली होती, अशांनी घरच्या घरी एकदम दारू तोडू नये. पहिल्या दोन दिवसांत फिट येऊ शकते, दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी भ्रम होतो, प्रसंगी जीवही जातो. घरच्यांनीही त्याला खोलीत कोंडू नये आणि जाहिरातीतली पूड न सांगता चहात तर मुळीच घालू नये. त्यांनी केईएम किंवा नायर रुग्णालयाच्या मानसोपचार विभागात जावे. विचारपूस करायची असेल तर व्यसनमुक्तीसाठी १४४४६ आणि ‘टेलि-मानस’चा १४४१६ हे दोन्ही क्रमांक मोफत आहेत. बायकोने किंवा मुलाने फोन केला तरी चालतो.