छपरावरचे काळे ओघळ आणि घराची किंमत

घर विकायला काढलंत की एजंट पहिल्याच भेटीत 'कर्ब अपील' हा शब्द काढतो. बघायला आलेल्या माणसाला गाडीतून उतरताना घर कसं दिसतं, ते म्हणजे कर्ब अपील. मग आपण लॉन कापतो, दाराला नवा रंग देतो, कुंड्या मांडतो. पण इथल्या उतरत्या छपरांच्या घरांत रस्त्यावरून भरपूर दिसतं ते छप्पर, आणि तिकडे आपलं लक्षच नसतं.

आम्ही नॉर्थ कॅरोलायनातलं घर विकायला काढलं तेव्हा छपराच्या उत्तरेकडच्या उतारावर काळे ओघळ होते. एका कंत्राटदाराने खालूनच बघून सांगितलं, "शिंगल्स गेल्या. सगळं छप्पर बदला." आकडा पाच अंकी होता आणि आम्ही जवळजवळ सही करणार होतो. पण नमुना तपासल्याशिवाय निष्कर्ष काढायचा नाही, ही प्रयोगशाळेतली सवय आडवी आली. पोर्चच्या ठेंगण्या छपरावर सेलोटेप दाबून काढली आणि सूक्ष्मदर्शकाखाली ठेवली. बुळबुळीत आवरणात छोट्या घोळक्यांनी बसलेल्या गोल पेशी दिसल्या. म्हणजे ती झीज नव्हती, जिवंत वस्ती होती!

हे सायनोबॅक्टेरिया, अर्थात नील-हरित जीवाणू. छपरांवरच्या अशा डागांसाठी सहसा 'ग्लिओकॅप्सा मॅग्मा' हे नाव घेतलं जातं. याच कुळाच्या पूर्वजांनी दोन अब्जांहून जास्त वर्षांपूर्वी पृथ्वीच्या हवेत ऑक्सिजन भरायला सुरुवात केली. कोकणात पावसाळ्यात काळ्या पडणाऱ्या कंपाउंडच्या भिंती आठवतात? तिथेही बऱ्याचदा हीच भावकी असते.

मग रंग हिरवा न दिसता काळा का? उघड्या छपरावर ऊन सोसायचं, तर अतिनील किरणांपासून बचाव हवा. म्हणून या पेशींच्या आवरणात गडद रंगद्रव्य असतं. उत्तरेचाच उतार का? तिथे ऊन कमी, त्यामुळे दव उशिरापर्यंत टिकतं. शिवाय शिंगल्सच्या डांबरात चुनखडीची पूड मिसळलेली असते, तीही त्यांना मानवते.

आता एक गंमत बघा. चिमणीभोवतीच्या जस्ताच्या किंवा तांब्याच्या पत्र्याखाली छपराचा पट्टा बऱ्याचदा स्वच्छ असतो. पावसाबरोबर धातूचे आयन खाली ओघळतात आणि ते या जीवाणूंना विषारी ठरतात. छपराच्या कण्यालगत जस्ताची पट्टी बसवतात ती याचसाठी.

ओघळ काढायला प्रेशर वॉशर मात्र वापरू नका. मी तो आधी मागच्या शेडवर चालवून बघितला आणि खाली वाळूसारखे दाणे पडले. ते शिंगल्सचं कवच होतं. दाणे गेले की डांबर थेट उन्हात येतं, कडक होतं, तडकतं. म्हणजे डाग घालवायच्या नादात छप्परच म्हातारं करायचं!

अमेरिकेतल्या डांबरी छप्पर उत्पादकांच्या संघटनेची शिफारस साधी आहे. कपड्यांसाठीचं क्लोरीन ब्लीच आणि पाणी समप्रमाणात घ्या, फवारा, १५ ते २० मिनिटं थांबा आणि कमी दाबाच्या पाण्याने धुवा. खालची झाडं आधी भिजवून झाका. ब्लीचमध्ये अमोनिया किंवा आम्ल कधीही मिसळू नका, विषारी वायू तयार होतात. ओलं छप्पर भयंकर निसरडं होतं, म्हणून आम्ही स्वतः वर न चढता कमी दाबाने धुणाऱ्या माणसाला बोलावलं. नव्या छपराच्या मानाने खर्च किरकोळ आला.

पण खरंच म्हातारं झालेलं छप्परही ओळखायला हवं. शिंगल्सच्या कडा वळलेल्या, गटरमध्ये दाण्यांचा थर, मधेच उघडं डांबर, अशी लक्षणं असतील तर धुऊन भागणार नाही. ही झीज रंगरंगोटीखाली दडवूही नये. छपराचं वय आणि माहीत असलेली गळती खरेदीदाराला सांगावी. अनेक राज्यांत तसा कायदाच आहे, आणि त्याचा इन्स्पेक्टर वर चढणारच आहे.

आम्ही वय लिहून दिलं, ओघळ धुतले आणि जुन्याच छपरासकट घर विकलं. तुमच्या छपरावर काळं दिसलं, तर चेकबुक काढण्याआधी विचारा: हे झिजलंय, की इथे कुणी राहतंय?