पेमेंट अडकलंय? मागायला लाजू नका

धंद्यातला मोठा अडथळा म्हणजे भांडवल, असं आपण धरून चालतो. पण ऑर्डर भरपूर असूनही धंदा बसतो, तो उधारीमुळे. "मागितले तर पार्टी तुटेल" म्हणून आपण गप्प राहतो आणि पगार द्यायला स्वतःच कर्ज काढतो.

तुम्ही वस्तू बनवता किंवा सेवा देता का? मग २००६ चा एमएसएमईडी कायदा सूक्ष्म आणि लघु उद्योगांच्या पाठीशी आहे. लेखी करार नसेल तर १५ दिवसांत, असेल तर जास्तीत जास्त ४५ दिवसांत पैसे द्यावेच लागतात. उशीर झाला तर रिझर्व्ह बँकेच्या बँक रेटच्या तिप्पट दराने चक्रवाढ व्याज लागतं. नुसत्या ट्रेडिंगच्या नोंदणीवर मात्र हा फायदा धरू नका.

आता काय करायचं?

१. माल देण्याआधीच उद्यम नोंदणी करा. ती मोफत आहे, एजंटला पैसे देऊ नका.
२. बिलावर उद्यम नंबर आणि पेमेंटची तारीख छापा.
३. चलनावर सही-शिक्का घ्या.
४. तारीख उलटली की आधी फोन, मग लेखी पत्र, शेवटी फॅसिलिटेशन कौन्सिलकडे ऑनलाइन तक्रार.

बहुतेक वेळा दुसऱ्या पायरीनंतरच समोरचा सावध होतो. कष्टाचे पैसे मागणं म्हणजे भांडण नाही, तोही धंद्याचाच भाग आहे.