पेशीच्या नकलेवर दुहेरी घाव

ट्रॉम्बेच्या भाभा अणुसंशोधन केंद्राने घडवलेलं ‘भाभाट्रॉन’ हे कोबाल्ट-६० यंत्र पहिल्यांदा बसवलं गेलं ते खारघरला, टाटा स्मारक केंद्राच्या ‘अ‍ॅक्ट्रेक’मध्ये. अशा यंत्रातले गॅमा किरण गाठ जाळून टाकतात, असा समज आहे. प्रत्यक्षात घाव बसतो तो डीएनएवर. एक ग्रे (ग्रे हे किरणमात्रेचं एकक) मात्रेने पेशीच्या डीएनएचे दोन्ही धागे सुमारे ४० ठिकाणी तुटतात. निरोगी पेशी अशा वेळी डीएनएची नक्कल थांबवते आणि आधी दुरुस्ती करते. अनेक कर्कपेशींत थांबण्याची ही व्यवस्थाच बिघडलेली असते. तुटका डीएनए घेऊन त्या विभाजनाला जातात आणि मरतात. सतत चाललेली नक्कल हे कर्करोगाचं बळ, आणि तेच त्याचं मर्मस्थान.

काही औषधं याच मर्मावर विकरांच्या वाटेने पोचतात. सह्याद्रीतल्या नरक्या या झाडात कॅम्पटोथेसिन सापडतं. इरिनोटेकॅन आणि टोपोटेकॅन ही त्याचीच रूपं. सुंभाचे पेड ओढून सोडवताना पुढचा पीळ घट्ट होतो, तसंच नक्कल होताना डीएनएचं होतं. टोपोआयसोमरेज-१ हे विकर एक धागा कापून ताण सोडवतं आणि धागा पुन्हा सांधतं. औषध त्याला सांधण्याआधीच जखडून ठेवतं. नकलेची यंत्रणा त्यावर येऊन आदळते आणि दोन्ही धागे तुटतात. हायड्रॉक्सियुरिया हे दुसरं औषध डीएनएचे घटक बनवणारं विकर रोखून नकलेचा कच्चा मालच तोडतं.

किरण आणि औषध एकत्र दिल्याने खरंच फरक पडतो का? टाटा स्मारक रुग्णालयाने गर्भाशयमुखाच्या तिसऱ्या टप्प्यातल्या कर्करोगाच्या ८५० रुग्णांवर केलेल्या चाचणीचे निष्कर्ष २०१८ मध्ये प्रसिद्ध झाले. त्यात किरणांना सिसप्लॅटिनची जोड होती. हे औषध विकराला थेट अडवत नाही, डीएनएला चिकटून नकलेची वाट रोखतं. पाच वर्षांनी हयात असलेल्यांचं प्रमाण ४६ टक्क्यांवरून ५४ टक्क्यांवर गेलं. फरक लहान वाटेल. पण शंभरांतल्या आणखी आठ स्त्रिया जगल्या.

निरोगी पेशीही नक्कल करतात, हा आक्षेप खरा आहे. अस्थिमज्जा आणि आतड्याचं अस्तर यांना झळ बसते. म्हणूनच मात्रा रोज थोडी थोडी दिली जाते. मधल्या तासांत निरोगी पेशी स्वतःला सावरतात. मात्र उपचार लांबला, तर गाठीतल्या उरलेल्या पेशींनाही पुन्हा वाढायला अवधी मिळतो. त्यामुळे बरं वाटतंय म्हणून किंवा त्रासाला कंटाळून मनाने तारीख चुकवू नका. अडचण डॉक्टरांना सांगा आणि उपचार वेळेत पूर्ण करा.