पेन्शनीत आलेला स्पॅनिश? कोरोबद्दलचे सहा गैरसमज

इंग्लंडच्या साखळीत खेळून गेलेल्या स्पॅनिश खेळाडूंची कुंडली आपल्याकडच्या पोरांना तोंडपाठ असते. मँचेस्टर सिटीत २०१० ते २०२० अशी दहा वर्षं काढलेल्या डेव्हिड सिल्व्हावर निपाणीच्या चहाच्या टपरीवरही वाद रंगतो. पण बेळगावातून चोर्ला घाट उतरला की जो गोवा लागतो, तिथल्या क्लबचं रूप पालटणाऱ्या स्पॅनिश खेळाडूबद्दल मात्र ऐकीव गोष्टीच जास्त. हा खेळाडू म्हणजे एफसी गोवाचा फेरान कोरोमिनास, अर्थात कोरो. २०१७ ते २०२० हा त्याचा गोव्यातला काळ.

गैरसमज १ : परदेशी खेळाडू इंडियन सुपर लीगमध्ये (आयएसएल) पेन्शन खायला येतात.

वस्तुस्थिती : हा समज हवेतून आलेला नाही. २०१४च्या पहिल्या मोसमात डेल पिएरो दिल्लीत आला, त्रेझेगे पुण्यात, ल्युंगबर्ग मुंबईत आणि रॉबर्ट पिरेस गोव्यात. नावं जगप्रसिद्ध, पण उमेदीची वर्षं सरलेली. ती स्पर्धा ऑक्टोबर ते डिसेंबर अशी जेमतेम सव्वादोन महिने चालली होती. एवढ्या अवधीत प्रेक्षक खेचायचे तर नाव मोठं लागतं, दम नाही लागला तरी चालतो. २०१७-१८पासून मोसम लांबला आणि हिशेब बदलला. कोरो आला तेव्हा ३४ वर्षांचा होता, म्हणजे वयाने तोही 'उतरणीला'च लागलेला. तरी पहिल्या मोसमात त्याने १८ गोल केले, दुसऱ्यात १६, तिसऱ्यात १४. एकूण ५७ सामन्यांत ४८. पहिले दोन्ही मोसम सर्वाधिक गोलांचा 'गोल्डन बूट' त्याच्याकडेच गेला.

गैरसमज २ : स्पेनमध्ये त्याला कुणी विचारत नव्हतं.

वस्तुस्थिती : तो बार्सिलोना शहरातल्या एस्पान्योल या क्लबात घडला. एप्रिल २००६मध्ये एस्पान्योलने रिआल झारागोझाला ४-१ असं हरवून स्पेनचा राजाचा चषक जिंकला. त्यातला एक गोल कोरोचा. पुढच्याच महिन्यात हाच संघ पहिल्या श्रेणीतून खाली घसरायच्या बेतात होता. मोसमाच्या शेवटच्या दिवशी रिआल सोसिएदादविरुद्ध भरपाई वेळेत गोल झाला आणि क्लब वाचला. तो गोलही कोरोचाच. तिथे तो गोल करणारा म्हणून नावाजलेला नव्हता, हेही खरं. कारण तिथे तो बहुतेकदा बगलेवरून किंवा मुख्य आघाडीपटूच्या मागून खेळे. संघाचा गोल करणारा माणूस राउल तामुदो होता.

गैरसमज ३ : लिव्हरपूलचा लुईस गार्सिया एस्पान्योलमध्ये कोरोचा जोडीदार होता.

वस्तुस्थिती : नावं सारखी, माणसं दोन. २००५मध्ये लिव्हरपूलकडून चॅम्पियन्स लीग जिंकणारा आणि २०१४मध्ये अ‍ॅटलेटिको दी कोलकाताकडून भारतात खेळलेला तो लुईस गार्सिया सान्झ. त्या झारागोझाविरुद्धच्या अंतिम सामन्यात दोन गोल करणारा तो लुईस गार्सिया फर्नांडिस. दोघेही स्पेनच्या राष्ट्रीय संघातून खेळले, म्हणून घोळ आणखी वाढतो.

गैरसमज ४ : साखळीच कच्ची, म्हणून एवढे गोल झाले.

वस्तुस्थिती : साखळी सर्वांसाठी सारखीच कच्ची होती, गोल मात्र सर्वांचे सारखे झाले नाहीत. खरं कारण रचनेत आहे. २०१६मध्ये गोवा गुणतक्त्यात तळाला होता. २०१७मध्ये सर्जिओ लोबेरा प्रशिक्षक म्हणून आला आणि त्याने कोरोला बगलेवरून उचलून थेट गोलसमोर आणलं. मागून मोरोक्कोचा अहमद जाहू चेंडू पुरवायचा, शेजारी मानुएल लान्सारोते होता, डावीकडून गोव्याचाच मंदार राव देसाई धावायचा, आणि ब्रँडन फर्नांडिसचा पास नेमका पायावर पडायचा. त्या मोसमात एकट्या लान्सारोतेनेही १३ गोल केले. मडगावच्या फातोर्डा मैदानावर ३० नोव्हेंबर २०१७ रोजी बेंगळुरूला ४-३ असं हरवताना कोरोने हॅटट्रिक केली. पुढच्याच सामन्यात केरळविरुद्ध ५-२ अशा विजयात दुसरी, तीही उत्तरार्धातल्या काही मिनिटांत. बी तेच, पेरणीची जागा बदलली होती.

गैरसमज ५ : कोरोने गोव्याला आयएसएलचा चषक जिंकून दिला, आशियातला पहिला गोलही त्याचाच.

वस्तुस्थिती : दोन्ही चूक. चषकाच्या जवळ गोवा पोचला तो २०१९मध्ये. १७ मार्चला मुंबईत बेंगळुरूविरुद्धचा अंतिम सामना जादा वेळेत गेला आणि ११७व्या मिनिटाला राहुल भेकेच्या हेडरने गोव्याचं स्वप्न मोडलं. पुढच्याच महिन्यात भुवनेश्वरला चेन्नईयिनला २-१ हरवून गोव्याने सुपर कप मात्र जिंकला. पहिला गोल कोरोचा.

२०१९-२०मध्ये १८ सामन्यांत ३९ गुण आणि ४६ गोल करून गोव्याने साखळी फेरीत अव्वल स्थानाची ढाल मिळवली. ढाल म्हणजे साखळीत पहिला आलेल्याचा मान, चषक म्हणजे बाद फेरी जिंकणाऱ्याचा. त्याच ढालीमुळे आशियाई चॅम्पियन्स लीगच्या गटात खेळणारा गोवा पहिला भारतीय क्लब ठरला. पण ती स्पर्धा एप्रिल २०२१मध्ये झाली, तोवर कोरो गोवा सोडून गेला होता. फातोर्ड्यावर इराणच्या पर्सेपोलिसविरुद्ध तो ऐतिहासिक गोल केला एदू बेदिया याने. तोही स्पॅनिश, म्हणून गोलाचं श्रेय चुकीच्या खात्यावर जातं.

सर्वाधिक गोलांचा विक्रमही आता कोरोच्या नावावर नाही. बार्थोलोम्यू ओग्बेचे आणि सुनील छेत्री त्याच्या पुढे गेले.

गैरसमज ६ : बेळगाव कर्नाटकात, म्हणजे आपला संघ बेंगळुरूच.

वस्तुस्थिती : आयएसएलचे संघ राज्यांचे नाहीत, क्लब आहेत. राज्याचा संघ खेळतो तो संतोष ट्रॉफीत. तिथे कर्नाटकने मार्च २०२३मध्ये रियाधला मेघालयाला ३-२ हरवून ५४ वर्षांनी करंडक आणला, त्याचा अभिमान बेळगावकराने जरूर बाळगावा. क्लबची आवड मात्र ज्याची त्याची. बेंगळुरू पाचशे किलोमीटरवर, मडगाव त्याच्या तिसऱ्या हिश्श्याहूनही जवळ. निपाणीकराला तर कोल्हापूरचं शाहू स्टेडियम आणि तिथल्या तालमींच्या फुटबॉल संघांचे सामने सगळ्यात जवळ. सीमेवरच्या माणसाने एकाच संघाशी लग्न लावलं पाहिजे, असा नियम फुटबॉलमध्ये तरी नाही.

कोरोच्या तीन मोसमांवरून खेळाडू जोखण्याची एक रीत मिळते. नवा परदेशी खेळाडू आला की आपण आधी वय आणि मग जुन्या क्लबचं नाव विचारतो. त्याऐवजी विचारावं : याला मैदानात कुठे उभा करणार, आणि याच्यापर्यंत चेंडू कोण पोचवणार? एस्पान्योलचा कोरो आणि गोव्याचा कोरो यांत फरक पडला तो या दोन उत्तरांमुळे.