चाकावरचं काळं आणि कॅनमधलं ॲसिड

आमच्या गटानं गाड्या धुण्याचं सेंटर सुरू केलं, तेव्हा काचा, सीटा, बॉनेट हे सगळं आम्हाला लवकर जमलं. अडलं ते चाकांपाशी. हल्ली बऱ्याच गाड्यांना चंदेरी, जाळीदार अलॉय व्हील असतात. बाकी गाडी लख्ख झाली तरी चाकं काळीच, त्यातही पुढची दोन जास्त. शाम्पूनं वरचा थर निघायचा, खाली तपकिरी ठिपके तसेच. मालक पैसे देता देता चाकांकडे एकदा बघायचा आणि काही न बोलता निघून जायचा.

मग आम्ही तेच केलं जे पुष्कळ ठिकाणी करतात. सुटं मिळणारं ‘व्हील ॲसिड’ आणलं. कॅनवर ना नाव, ना काही सूचना. ब्रशनं फासलं की दोन मिनिटांत चाक चांदीसारखं! महिनाभर आम्ही खूश होतो. एके दिवशी आमच्यातल्या एकीचा रबरी हातमोजा बोटापाशी फाटला होता. तिनं सकाळी चार गाड्यांची चाकं केली, हात धुतले, डबा खाल्ला. काहीच झालं नाही. रात्री अकराला बोट ठणकायला लागलं. वरून बघावं तर नुसतं लालसर, पण नखाखाली कुणी तापलेली सुई घातल्यासारखी कळ. दवाखान्यात डॉक्टरांनी पहिला प्रश्न विचारला, “कॅनमध्ये काय होतं?” आम्हाला सांगता आलं नाही.

चाकं झटपट चमकवणाऱ्या काही ॲसिडांमध्ये हायड्रोफ्लोरिक ॲसिड किंवा अमोनियम बायफ्लोराइड असतं. दुसरं ॲसिड हातावर पडलं की लगेच चुरचुरतं, म्हणून आपण झटकन हात पाण्याखाली धरतो. हे मात्र पातळ असलं तर सुरुवातीला कळतच नाही. ते कातडीतून आत उतरतं, शरीरातलं कॅल्शियम धरून बसतं आणि दुखणं काही तासांनी सुरू होतं. हातावर पडलंच तर मोजा, अंगठी, बांगड्या काढून किमान १५ मिनिटं वाहत्या पाण्याखाली हात धरा. दुखत नसलं तरी दवाखान्यात जा आणि कॅन किंवा बाटली बरोबर न्या. यावर कॅल्शियम ग्लुकोनेटचं जेल लावतात. घरगुती लेप लावत बसू नका. आमच्या मैत्रिणीचं बोट वाचलं, नख मात्र वाकडं आलं.

ते बरं होईपर्यंत आम्ही एक गोष्ट शिकलो, जी आधी शिकायला हवी होती. चाकावरचं काळं म्हणजे रस्त्यावरची माती नव्हे. ब्रेक दाबला की पॅड लोखंडी डिस्कवर घासतं. पॅडची आणि लोखंडाची बारीक, तापलेली भुकटी उडते आणि चाकाच्या रंगावर चिकटते. पाणी लागलं की त्यातलं लोखंड गंजतं. तेच ते तपकिरी ठिपके. पुढची चाकं जास्त काळी, कारण थांबताना गाडीचा भार पुढे येतो आणि पुढच्या ब्रेकना जास्त काम पडतं. शिवाय बऱ्याच छोट्या गाड्यांना मागे ड्रमचे ब्रेक असतात, त्यांची भुकटी ड्रममध्येच राहते. पसरणी घाट ब्रेकवर उतरून वाईत आलेली गाडी बघा, म्हणजे पटेल. घाटात खालच्या गिअरवर उतरणाऱ्याची चाकं कमी काळी होतात आणि ब्रेकही कमी तापतात, हे आम्ही आता मालकांना सांगतो. काही जणांना आवडत नाही, आम्ही तरी सांगतो.

आता चाक कशाचं? ॲल्युमिनियमचं. त्यात थोडं सिलिकॉन आणि मॅग्नेशियम मिसळलेलं असतं, वर रंग आणि त्यावर लॅकरचा पारदर्शक, अगदी पातळ थर. ॲल्युमिनियमचं पातेलं आपल्या रोजच्या ओळखीचं आहे. चिंच त्यात ठेवू नये आणि सोड्यानं घासलं तर ते काळं पडतं, हे आपल्याला माहीत आहे. आंबट आणि खार, दोन्ही त्याला सोसत नाहीत. म्हणून संडास धुवायचं ॲसिड नको, कॉस्टिकची पावडर नको आणि भांड्याची हिरवी घासणीही नको. घासणीनं लॅकरवर चरे पडतात आणि पुढच्या खेपेची भुकटी त्याच चऱ्यांत घट्ट बसते.

गंजाचे ठिपके काढायला ‘आयर्न रिमूव्हर’ मिळतं. आम्ही पहिल्यांदा बाटली उघडली तेव्हा सगळ्यांनी नाकाला पदर लावला. एकजण म्हणाली, “अगं, हा तर पार्लरमधला वास!” ती बरोबर बोलली. त्यातलं औषध थायोग्लायकोलेट जातीचं असतं, आणि केस काढायच्या क्रीममध्ये, केस कुरळे करायच्या लोशनमध्ये याच जातीचं औषध असतं. इथे ते लोखंडाला धरतं आणि जांभळं होऊन ओघळतं. यालाही हातमोजे आणि मोकळी हवा हवीच.

चाक गार असू द्या, हात लावून बघा. तापलेल्या चाकावर औषध वाळतं आणि डाग पडतात. गाडी सावलीत घ्या. आधी नुसत्या पाण्यानं सुटी भुकटी काढा. कोरडी असताना झाडू नका, ती छातीत जाते. मग कार शाम्पू आणि मऊ ब्रश. नटांच्या खळग्यांत जुना दाढीचा ब्रश छान चालतो. एवढ्यानंही ठिपके राहिले, तरच आयर्न रिमूव्हर फवारा. बाटलीवर लिहिलं असेल तेवढाच वेळ, बहुधा ३ ते ५ मिनिटं, आणि वाळायच्या आत भरपूर पाण्यानं धुवा. एका वेळी एकच चाक घ्या. डांबराच्या थेंबांना फडक्यावर थोडं टार रिमूव्हर पुरतं. चाकांची बादली आणि फडकी वेगळी ठेवा. तेच फडकं बॉनेटवर फिरलं तर लोखंडाच्या कणांचे ओरखडे उठतात, आणि मग भरपाई आपल्या गल्ल्यातून. प्रेशरच्या पाण्याची नळी फार जवळ धरू नका. चाकाला आतून चिकटवलेली बॅलन्सची वजनं सुटली तर वेगात स्टिअरिंग थरथरतं.

धुतल्यावर फडक्यानं कोरडं करायला कंटाळू नका, बोअरच्या पाण्याचे पांढरे डाग राहतात. कोरड्या चाकावर गाडीच्या वॅक्सचा पातळ हात द्या, जरा वाळला की पुसून घ्या. दोन-तीन महिन्यांनी पुन्हा. मग भुकटी थेट रंगावर बसत नाही आणि पुढच्या वेळी शाम्पूवर भागतं. फुटपाथला घासून लॅकर उडालं असेल तर तेवढी जागा रंगवून घ्यायला मालकाला सांगा. कोकणातून आलेल्या काही गाड्यांच्या चाकांवर लॅकरखाली अळीसारख्या पांढुरक्या रेघा दिसतात. खारी हवा अशाच फटीतून आत शिरते. त्या रेघा धुऊन जात नाहीत, तिथे घासत बसू नका.

वॅक्स किंवा टायरचं पॉलिश डिस्कवर उडू देऊ नका आणि टायरच्या रस्त्याला टेकणाऱ्या भागाला लावू नका. एकानं ब्रेक लागत नाही, दुसऱ्यानं गाडी घसरते. आणि धुतलेली गाडी मालकाच्या हाती देताना सांगा, की डिस्क ओल्या आहेत, फाटकाबाहेर पडल्यावर हळू वेगात दोन-तीनदा ब्रेक दाबून बघा.