रोहिणीचा दाह आणि रक्ताची साक्ष

"परवाच तर रक्त तपासले होते, कोलेस्टेरॉल अगदी ठीक होते!" हृदयविकाराचा झटका आलेल्या एखाद्या गृहस्थाविषयी असे उद्गार जुईनगरच्या फलाटावर किंवा सोसायटीच्या आवारात आपल्या कानांवर येतात. मग रक्तात पाहावयाचे तरी काय, असा प्रश्न साहजिकच मनात येतो. या प्रश्नाची आपल्याला अधिकच निकड आहे. ५२ देशांत झालेल्या 'इंटरहार्ट' पाहणीत पहिल्या झटक्याचे मध्यम वय इतरत्र सुमारे ५९ वर्षे, तर भारत व शेजारच्या देशांत ५३ वर्षे आढळले.

रोहिणी म्हणजे हृदयाकडून अवयवांकडे रक्त नेणारी नलिका. चरबी साचून ती कठीण होते, हे मत १९१३ साली रशियातील अनिच्कोव्ह यांनी सशांना कोलेस्टेरॉल खाऊ घालून केलेल्या प्रयोगांनी दृढ झाले. परंतु त्यापूर्वीच, १८५६ साली, जर्मन शास्त्रज्ञ फिर्शो यांनी रोहिणीच्या अस्तरातील दाहाचे वर्णन केले होते. आज या दोन्ही मतांचा मेळ बसला आहे. कोलेस्टेरॉल वाहून नेणारे कण अस्तराखाली अडकतात आणि प्राणवायूच्या संयोगाने बिघडतात. पांढऱ्या पेशी त्यांना गिळतात, फुगतात व तेथेच साचतात. मग त्यावर तंतूंचे कवच चढते, पुढे कॅल्शियमही जमते. ते कवच फुटले की रक्ताची गुठळी होते आणि वाट बंद पडते. १९६० च्या सुमारास केवळ तर्क वाटावा अशा या दाहाला २०१७ साली भक्कम पुरावा मिळाला. पूर्वी झटका येऊन गेलेल्या १०,०६१ रुग्णांच्या प्रयोगात, कोलेस्टेरॉलला न शिवता केवळ दाह शमविणाऱ्या औषधाने पुढील झटके व तत्सम घटना सुमारे १५ टक्क्यांनी घटल्या. मात्र त्या औषधाने जीवघेणे जंतुसंसर्गही वाढले.

आता रक्ताच्या साक्षीकडे वळू. जंतूंशी लढण्यासाठी शरीर प्रतिपिंड तयार करते. तेच स्वतःच्या घटकांवर उलटले तर त्यांना स्वप्रतिपिंड म्हणतात. बिघडलेले चरबीचे कण शरीराला परके वाटतात, म्हणून त्यांच्याविरुद्धही स्वप्रतिपिंड निघतात. १९९२ साली फिनलंडमधील पुरुषांच्या एका लहान पाहणीत, ज्यांच्या मानेतील रोहिण्या वेगाने बिघडत होत्या त्यांच्या रक्तात हे प्रतिपिंड अधिक सापडले. खूण हाती लागली, असे तेव्हा वाटले.

तथापि प्रकरण इतके सरळ निघाले नाही. पुढील पाहण्यांचे निष्कर्ष एकमेकांशी जुळेनात. २००३ साली तर न्यूमोनियाच्या जंतूंची लस टोचलेल्या उंदरांत असे प्रतिपिंड वाढले आणि रोहिणीचा रोग कमी झाला! म्हणजे एकाच कुळातील काही प्रतिपिंड राखणदार असू शकतात. केवळ 'सापडले' एवढ्यावरून ते घात करणारे की रक्षण करणारे, हे ठरत नाही.

दुसरा धागा संधिवाताचा. आमवात व ल्युपस या रोगांत स्वप्रतिपिंड विपुल असतात. आमवातात हृदयविकाराचा धोका सुमारे दीडपट असतो, आणि ल्युपसमध्ये तरुण स्त्रियांनाही झटका येतो. असे प्रतिपिंड मोजण्याची विद्या आपल्याला दूरची नाही. खाडीपलीकडे परळला, के. ई. एम. रुग्णालयाच्या आवारात, १९५७ साली रक्तगटांचे केंद्र म्हणून सुरू झालेल्या आणि आज नॅशनल इन्स्टिट्यूट ऑफ इम्युनोहीमॅटॉलॉजी या नावाने चालणाऱ्या संस्थेत ल्युपसच्या भारतीय रुग्णांतील स्वप्रतिपिंडांचा अभ्यास झाला आहे.

एखादी तपासणी रोगाची खूण ठरावयाची, तर तिने तीन कसोट्यांना उतरले पाहिजे : प्रत्येक प्रयोगशाळेत आकडा तोच यावा, रोग बळावण्यापूर्वी तो दिसावा, आणि रक्तदाब, साखर, कोलेस्टेरॉल यांवरून कळते त्याहून काही अधिक कळावे. स्वप्रतिपिंड अद्याप या कसोट्यांना पूर्णपणे उतरलेले नाहीत. म्हणून निरोगी माणसाने भीतीपोटी अशा तपासणीवर पैसे खर्चू नयेत.

मात्र घरात कोणाला आमवात वा ल्युपस असेल, तर सांध्यांबरोबर हृदयाचीही विचारपूस डॉक्टरांकडे अवश्य करावी. बाकी सर्वांसाठी 'इंटरहार्ट'चाच हिशेब पुरेसा बोलका आहे : तंबाखू, रक्तदाब, मधुमेह, पोटाचा घेर, बैठे जीवन यांसारख्या नऊ परिचित कारणांत झटक्याचा सुमारे ९० टक्के धोका सामावलेला आढळला. त्यांतील बरीचशी कारणे ओळखावयास नवी खूण लागत नाही.