ऐकावे पुस्तकाचे, करावे मनाचे!

ऑडिओबुकमुळे हात कामात गुंतलेले असतानाही पुस्तक संपवता येते. पण प्रत्येक पुस्तक कानांनी वाचण्याजोगे असते का? इतिहास आणि विज्ञानकथा आवडीने ऐकणाऱ्या एका श्रोत्याची ही मोकळी मते.

'वाचायला वेळच मिळत नाही हो!' ही तक्रार आता फारशी टिकत नाही. भाजी निवडताना, लोकलच्या गर्दीत उभ्याने, रात्री दिवा मालवल्यावरसुद्धा पुस्तक 'वाचता' येते. मोबाइलला इयरफोन जोडला की झाले! 'स्टोरीटेल' ही स्वीडनची कंपनी २०१७ मध्ये भारतात आली. पाठोपाठ २०१८ मध्ये अमेरिकेच्या 'ऑडिबल'नेही इथे बस्तान मांडले. इंग्रजीबरोबर मराठी पुस्तकेही कानी पडू लागली. बडोदा, इंदूर किंवा बंगळुरूला स्थायिक झालेल्या ज्या मराठी घरांजवळ मराठी पुस्तकांचे दुकान नाही, त्यांची तर ही मोठीच सोय झाली. मुलांना मराठी ऐकलेले कळते, पण वाचायला जड जाते, अशी घरे महाराष्ट्राबाहेर थोडीथोडकी नाहीत.

मी स्वतः गेली काही वर्षे मुख्यतः दोन प्रकारची पुस्तके ऐकते. एक इतिहासाची आणि दुसरी विज्ञानकथा-अद्भुतकथांची. पहिल्यात घडून गेलेल्याचा शोध, तर दुसऱ्यात न घडलेल्याची कल्पना. म्हणजे दोन टोकेच! ऐकता ऐकता माझे एक मत मात्र पक्के झाले आहे. चांगल्या आवाजावर माणसाचा चटकन विश्वास बसतो. विज्ञानकथेला हा विश्वास हवाच असतो. इतिहासाला मात्र विश्वासाइतकीच शंकाही हवी असते, आणि ती कानांवाटे सहसा आत शिरत नाही.

आपले कान तयारच होते

'ऑडिओबुक' हा शब्द नवा असला, तरी ऐकून शहाणे होण्याची रीत आपल्याला नवी नाही. कीर्तनातले आख्यान आणि शाहिराचा पोवाडा यांच्यामुळेच अक्षरओळख नसलेल्या माणसांपर्यंतही इतिहास पोहोचला. १९५५ मध्ये पुणे आकाशवाणीवर ग. दि. माडगूळकर आणि सुधीर फडके यांचे 'गीतरामायण' सुरू झाले, तेव्हा ५६ गीतांतून साऱ्या महाराष्ट्राने रामकथा कानांनी वाचली, असेच म्हणावे लागेल. पुढे पु. ल. देशपांडे, शंकर पाटील, द. मा. मिरासदार, व. पु. काळे यांच्या कथाकथनाने सभागृहे भरली आणि पु. लं.च्या कॅसेट घरोघरी वाजू लागल्या.

पाश्चात्त्य देशांत बोलक्या पुस्तकांचा जन्म गरजेतून झाला. ब्रिटनमध्ये १९३५ साली सुरू झालेल्या 'टॉकिंग बुक' सेवेमागे पहिल्या महायुद्धात दृष्टी गमावलेल्या सैनिकांचा विचार होता. अगाथा ख्रिस्तीची एक रहस्यकादंबरी पहिल्या पुस्तकांपैकी होती. तबकडीच्या एका बाजूवर सुमारे पंचवीस मिनिटांचे वाचन मावे. म्हणजे एक कादंबरी ऐकायची तर तबकड्यांचा गठ्ठाच घ्यावा लागे! आपल्याकडेही मुंबईच्या 'नॅशनल असोसिएशन फॉर द ब्लाइंड'ने बोलक्या पुस्तकांचे केंद्र चालवले आहे. अंध वाचकासाठी ऐकणे हेच वाचणे असते. तेव्हा 'ऐकणे म्हणजे काही खरे वाचन नव्हे' असे म्हणून नाक मुरडणाऱ्यांशी मी मुळीच सहमत नाही. माझा प्रश्न वेगळा आहे. कोणते पुस्तक कसे ऐकावे?

मंगळावरची स्वारी

आवाजाची ताकद किती असते, याचा सर्वांत गाजलेला दाखला एका विज्ञानकथेचाच आहे. ३० ऑक्टोबर १९३८ रोजी अमेरिकेतल्या सीबीएस रेडिओवर ऑर्सन वेल्स याने एच. जी. वेल्स यांच्या 'द वॉर ऑफ द वर्ल्ड्स' या कादंबरीवर नभोनाट्य सादर केले. मंगळावरचे लोक न्यू जर्सीत उतरल्याची गोष्ट त्याने चक्क बातम्यांच्या रूपात सांगितली. हे नाटक असल्याचे सुरुवातीला जाहीर केले होते, पण ज्यांनी रेडिओ उशिरा लावला त्यांच्यापैकी काहीजण हादरले. देशभर पळापळ झाल्याच्या वर्णनात वर्तमानपत्रांनी बरेच तिखटमीठ लावले होते, असे अभ्यासक आता सांगतात. १९४९ मध्ये दक्षिण अमेरिकेतल्या इक्वेडोर देशात याच नाटकाने मात्र खराच अनर्थ घडवला. आपण फसवले गेलो हे कळताच क्विटो शहरातल्या संतप्त जमावाने रेडिओ केंद्राची इमारत पेटवली आणि त्यात काहींचे प्राण गेले.

या दोन्ही वेळी कथेत खोट नव्हती. लोक फसले ते बातमी सांगणाऱ्या आवाजाला. हे लक्षात ठेवा, कारण इतिहासाकडे वळल्यावर याची पुन्हा गरज पडणार आहे.

विज्ञानकथेला आवाज फळतो

विज्ञानकथा ऐकण्यासारखे दुसरे सुख नाही, असे माझे मत आहे. डग्लस ॲडम्स यांचे 'द हिचहायकर्स गाइड टू द गॅलेक्सी' तर आधी ऐकण्यासाठीच जन्मले. १९७८ मध्ये ते बीबीसी रेडिओवर आले आणि १९७९ मध्ये त्याचे पुस्तक झाले. अँडी वेअर यांच्या २०२१ च्या 'प्रोजेक्ट हेल मेरी' या कादंबरीत परग्रहावरचा एक जीव सुरांमधून बोलतो. कागदावर त्याचे फक्त वर्णन करता येते. रे पोर्टर यांनी वाचलेल्या ऑडिओबुकात ते सूर खरोखरच वाजतात! इथे ऐकणाऱ्याला वाचणाऱ्यापेक्षा चार दाणे जास्तच मिळतात.

मॅक्स ब्रुक्स यांचे 'वर्ल्ड वॉर झेड' हेही असेच. जगावर प्रेतांच्या फौजा तुटून पडल्यानंतर वाचलेल्या माणसांच्या या मुलाखती. अनेक नटांनी त्या वेगवेगळ्या आवाजांत वाचल्या आहेत. सगळे खोटे आहे हे ठाऊक असूनही अंगावर काटा येतो.

अर्थात सगळेच गोड नाही. 'ड्यून'सारख्या कादंबरीत लेखकाने स्वतःचे शब्द घडवलेले असतात आणि त्यांची सूची शेवटी जोडलेली असते. ऐकताना ती सूची चाळणार कशी? मिनिटाला दीडशे शब्दांच्या गतीने दीड लाख शब्दांची कादंबरी सोळा-सतरा तास चालते. पाचव्या तासाला कोण कोणाचा काका, हेच आठवत नाही! शिवाय काही वाचक प्रत्येक पात्राला नवा आवाज देण्याच्या हौसेपायी राक्षसाला घोगरा आणि राजकन्येला नाकातला आवाज देतात. एवढ्या सोंगाढोंगाची गरज नसते. संथ, स्वच्छ वाचन केव्हाही बरे.

इतिहासाची पंचाईत

आता इतिहास. इतिहासाच्या चांगल्या पुस्तकाचा निम्मा जीव तळटिपांत असतो. हे कोणी म्हटले, कोणत्या पत्रात, घटनेनंतर किती वर्षांनी, हे लेखक तिथे सांगतो. ऑडिओबुकात तळटिपा बहुधा गळतात. नकाशा नसतो. सनावळी या कानातून त्या कानात जाते. मागचे पान उलटून 'हा नजीबखान आधी कुठे भेटला होता?' हे पाहण्याची सोय नसते. त्यातून वाचणारा परदेशी असला, तर आपल्याच गावांची नावे अशी काही उच्चारतो, की ओळख पटायला वेळ लागतो.

पानिपतचेच उदाहरण घ्या. १४ जानेवारी १७६१ च्या त्या लढाईची एक हकीकत शुजाउद्दौल्याच्या चाकरीत असलेल्या काशिराजाने फारसीत लिहिली. तो तिथे हजर होता, पण होता शत्रूच्या गोटात. दुसरीकडे आपली 'भाऊसाहेबांची बखर' आहे. तिचा सूर अगदी वेगळा. त्र्यंबक शंकर शेजवलकरांसारखा इतिहासकार असे सारे पुरावे ताडून पाहतो, कोणावर किती भरवसा ठेवायचा ते ठरवतो आणि मग आपले मत मांडतो. कागदावर ही तोलामापाची खटपट डोळ्यांना दिसते. ऐकताना मात्र साक्षीदार, बखरकार आणि इतिहासकार हे तिघेही एकाच माणसाच्या एकाच धीरगंभीर आवाजात बोलतात. मग सगळेच सारखे खरे वाटू लागते.

कादंबरी म्हणजे इतिहास नव्हे

याहून नाजूक गोष्ट ऐतिहासिक कादंबऱ्यांची. रणजित देसाईंची 'स्वामी', शिवाजी सावंतांची 'छावा', ना. सं. इनामदारांची 'राऊ', विश्वास पाटलांची 'पानिपत' या कादंबऱ्यांनी मराठी माणसाला इतिहासाची गोडी लावली, हे त्यांचे ऋण कोणी नाकारणार नाही. पण रात्रीच्या एकांतात पेशव्यांच्या मनात काय चालले होते, हे कोणत्याही दफ्तरात सापडत नाही. ते लेखकाचे दान आहे. छापील पुस्तकावर 'कादंबरी' हा शब्द सारखा डोळ्यांपुढे असतो. ऐकताना तो पहिल्या मिनिटात ऐकू येतो आणि विसरला जातो. एखादा कसलेला नट सनई-नगाऱ्यांच्या साथीने संवाद म्हणू लागला, की ती साक्षात ऐकलेली साक्षच वाटते.

सिंहगडाची गोष्ट पाहा. ४ फेब्रुवारी १६७० च्या रात्री तानाजी मालुसरे पडले, हे खरे. पोवाड्याने त्यात यशवंती घोरपड आणली. १६९७ च्या सुमारास लिहिलेल्या सभासदाच्या बखरीत मावळे वानरांसारखे कडा चढल्याचे वर्णन आहे, घोरपडीचा मात्र पत्ता नाही. गडाला 'सिंहगड' हे नाव तानाजींमुळे पडले, असे आपण सांगत आलो, पण १६७० च्या आधीच्या पत्रातही ते नाव आढळते. यामुळे तानाजींचे शौर्य तसूभरही कमी होत नाही. घोरपडीशिवाय कडा चढणे तर उलट जास्तच अवघड! पण मुलाने हे सारे एका दमदार आवाजात ऐकले असेल आणि पुढे कोणी पुरावा दाखवला, तर त्याला तो अपमान वाटतो. इतिहासावरून होणारी कित्येक भांडणे प्रत्यक्षात गोष्टींवरून होत असतात. म्हणूनच ऐकतानाची ही सवय मला साधी वाटत नाही.

लेखक जाणूनबुजून खेळ करतो, तेव्हा मात्र मजा येते. जॉर्ज साँडर्स यांच्या 'लिंकन इन द बार्डो' या २०१७ च्या कादंबरीच्या ऑडिओबुकात १६६ आवाज आहेत. अब्राहम लिंकन यांच्या लहानग्या मुलाच्या मृत्यूभोवतीच्या या कथेत खऱ्या इतिहासग्रंथांतले उतारे आणि लेखकाने रचलेले उतारे सरमिसळ येतात. ऐकताना खरे कोणते नि खोटे कोणते, हे मला अजिबात ओळखता आले नाही. माझ्या कानांची कुवत मला त्या दिवशी कळली!

गंगाधरपंतांचा धडा

इतिहास आणि विज्ञानकथा यांची गाठ घालून देणारी एक कथा आपल्या मराठीतच आहे. २० मे २०२५ रोजी आपल्यातून गेलेल्या डॉ. जयंत नारळीकरांची 'गंगाधरपंतांचे पानिपत'. तिच्या इंग्रजी रूपाला एनसीईआरटीच्या अकरावीच्या पाठ्यपुस्तकातही जागा मिळाली. इतिहासाचे प्राध्यापक गंगाधरपंत एका वेगळ्याच मुंबईत जाऊन पोहोचतात. तिथे ईस्ट इंडिया कंपनी अजून नांदते आहे. कारण? त्या जगात पानिपतावर विश्वासरावांना लागणारी गोळी हुकली आणि मराठे जिंकले.

मला या कथेतली सर्वांत आवडती गोष्ट वेगळीच आहे. आपण भलत्याच जगात आलो, हे कळल्यावर गंगाधरपंत काय करतात? ते सरळ ग्रंथालय गाठतात. इतिहासाचे खंड काढून, नेमके कोणत्या पानापासून सारे बदलले, ते शोधतात. आणि परत आल्यावर मित्रापुढे ठेवायला त्यांच्या खिशात असते बखरीचे एक फाटके पान. विज्ञानकथेतला माणूसदेखील पुराव्याशिवाय बोलत नाही! ही कथा घरात कोणीतरी मोठ्याने वाचून दाखवावी. मुले कान टवकारून ऐकतील आणि शेवटी 'हे पान खरे कशावरून?' असे विचारतील. तो प्रश्न हीच खरी कमाई.

ऐकण्यापूर्वी एवढे करा

• पुस्तक इतिहास आहे की कादंबरी, हे मुलांना सुरुवातीलाच नव्हे, तर रोज ऐकायला बसताना सांगा.

• इतिहास ऐकताना साधा नकाशा जवळ ठेवा. शक्य असेल तर छापील पुस्तक ग्रंथालयातून आणून तळटिपा नंतर चाळा.

• मोठ्या विज्ञानकथेतली पात्रांची नावे पहिल्या तासात एका कागदावर लिहून ठेवा.

• वाचनाचा नमुना फुकट ऐकायला मिळत असेल, तर पाच मिनिटे ऐकूनच पुस्तक घ्या. आवाज रुचला नाही, तर पुस्तक कितीही चांगले असले तरी सोळा तास निभत नाहीत.

• इतिहास गती वाढवून ऐकू नका. विज्ञानकथा ऐकलीत तरी फारसे बिघडत नाही.

• एक प्रकरण संपले की थांबा आणि एकमेकांना विचारा, 'हे सांगणाऱ्याला कसे कळले असेल?'

हा शेवटचा प्रश्न घरात विचारला जाऊ लागला, की मग खुशाल काहीही ऐका. मंगळावरचे लोक येऊ देत नाहीतर पानिपतची रणधुमाळी होऊ दे, तुमचे मूल गोष्टीत रमेलही आणि गोष्टीला फसणारही नाही.